डॉ. एस. वाय. कुरेशी : सनदी सेवेपासून मुख्य निवडणूक आयुक्तपदापर्यंत

भारताचे 17 वे मुख्य निवडणूक आयुक्त डॉ. शहाबुद्दीन याकूब कुरेशी यांचे नाव आपल्या घरांतून ऐकलेले असते, पण त्यांनी नेमके काम काय केले हे फार थोड्यांना ठाऊक असते. या पदावर बसलेले ते पहिले मुस्लिम अधिकारी.

जन्म 1947 चा. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात त्यांनी इतिहास शिकला. 1971 मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेत (आयएएस) निवड झाली आणि हरियाणा केडर मिळाले. नोकरीत असतानाही शिक्षण थांबले नाही. जनसंवाद आणि सोशल मार्केटिंग या विषयात त्यांनी जामिया मिलिया इस्लामियातून पीएच.डी. केली.

या अभ्यासाचा उपयोग पुढे जागोजागी झाला. दूरदर्शनचे महासंचालक, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेतील वरिष्ठ पद, मग केंद्रात युवक व क्रीडा खात्याचे सचिव. लोकांपर्यंत पोहोचायचे कसे, हाच या कामांमधला समान धागा.

निवडणूक आयोगात

जून 2006 मध्ये ते निवडणूक आयुक्त झाले. 30 जुलै 2010 ते 10 जून 2012 या काळात मुख्य आयुक्त होते. वयाची 65 वर्षे किंवा सहा वर्षांची मुदत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा हे पद सोडावे लागते.

त्यांच्या कारकिर्दीत मतदार जागृतीला आणि उमेदवारांच्या खर्चावर नजर ठेवण्याला आयोगात वेगळी व्यवस्था मिळाली. 25 जानेवारी हा आयोगाचा स्थापना दिवस 2011 पासून ‘राष्ट्रीय मतदार दिवस’ म्हणून पाळला जाऊ लागला. 2012 मध्ये उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, मणिपूर आणि आपल्या शेजारच्या गोव्यात निवडणुका झाल्या. उत्तर प्रदेशात 2007 ला मतदान 46 टक्क्यांच्या आसपास होते, ते या वेळी 59 टक्क्यांच्या वर गेले.

खरी कसोटी

याच निवडणुकीत तत्कालीन केंद्रीय कायदामंत्री सलमान खुर्शीद यांनी प्रचारात अल्पसंख्याकांना ओबीसी कोट्यातून 9 टक्के आरक्षण देण्याचे आश्वासन दिले. आचारसंहितेचा भंग झाला म्हणून आयोगाने त्यांना समज दिली. तरी मंत्री मागे हटेनात, तेव्हा आयोगाने थेट राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना पत्र लिहिले. शेवटी खुर्शीद यांनी खेद व्यक्त केला आणि प्रकरण मिटले.

मंत्री मुस्लिम, आश्वासन अल्पसंख्याकांसाठी आणि आयोगाचे प्रमुखही मुस्लिम! निर्णय तीन सदस्यांच्या आयोगाचा होता, पण पत्राची जबाबदारी प्रमुखाच्या अंगावर होती. मागणी बरोबर की चूक, हा आयोगापुढचा प्रश्नच नव्हता. आचारसंहिता लागू असताना मंत्र्याने असे आश्वासन द्यावे का, एवढाच प्रश्न होता.

निवृत्तीनंतर

निवडणूक व्यवस्थेवर त्यांनी पुस्तक लिहिले. 2021 मध्ये ‘द पॉप्युलेशन मिथ’ आले. कुटुंबाचा आकार शिक्षण, उत्पन्न आणि आरोग्यसेवा यांवर ठरतो, धर्मावर नाही, हे त्यात त्यांनी सरकारी आकडेवारीच्या आधारे मांडले आहे.

एप्रिल 2025 मध्ये वक्फ कायद्यावर त्यांनी टीका केल्यानंतर एका खासदाराने त्यांना ‘मुस्लिम आयुक्त’ म्हणून हिणवले. माणसाची ओळख धर्मावरून नव्हे, त्याच्या कामावरून व्हावी, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. 2012 ची ती नोंद ज्याला माहीत आहे, त्याला यापेक्षा जास्त पुरावा लागणार नाही.

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार आयएएसमध्ये मुस्लिमांचे प्रमाण जेमतेम 3 टक्के होते. ते वाढायला हवेच, त्यासाठी मुलामुलींनी परीक्षेला बसायला हवे. मुख्य लेखी परीक्षा मराठीतूनही देता येते. पण घरात अधिकारी झाला तर ‘आपला माणूस’ म्हणून त्याच्याकडून सवलतीची अपेक्षा ठेवू नका. तो नियमाने वागला, तर त्याचा सगळ्यात मोठा फायदा ज्यांची कुठे ओळख नसते अशा गरिबालाच होतो.