यंत्रतपासणीची सूची: भिलाईच्या निमित्ताने

रायपूरपासून पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, तेव्हा यंत्रांच्या नियमित, नोंदबद्ध तपासणीमागे कायद्याचे बळ आधीच उभे होते. चेकलिस्टचा, म्हणजे प्रत्येक भाग ठरलेल्या क्रमाने पाहून त्यापुढे खूण व सही करण्याच्या तक्त्याचा, उगम बहुधा १९३५ मध्ये अमेरिकेत कोसळलेल्या बोइंगच्या बॉम्बर विमानाशी जोडला जातो. परंतु कारखान्यांपुरते हे उत्तर अपुरे आहे, कारण भारतात १९२३ च्या कायद्यानेच बॉयलरच्या प्रमाणपत्राला १२ महिन्यांची कमाल मुदत घातली होती आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने क्रेन, साखळ्या व दोर यांची किमान १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक केली. वितळलेल्या लोखंडाचे पात्र उचलणाऱ्या क्रेनच्या हूकची झीज, तारदोराच्या तुटलेल्या तारा, ब्रेकची पकड किंवा वरची हद्द येताच मोटर थांबवणारा लिमिट स्विच यांपैकी एक गोष्ट जरी नजरेतून सुटली, तरी ते खालच्या कामगाराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून न पाहता केलेली खूण कोऱ्या रकान्यापेक्षा घातक मानली पाहिजे. १९४८ च्या अधिनियमानुसार क्रेनचा सुरक्षित भार तिच्यावर ठळकपणे लिहून नोंदवहीतही नमूद करावा लागे.