रटलंड : नाव राखलेली काउंटी

इंग्लंडमध्ये लेस्टरशर, लिंकनशर आणि नॉर्थॅम्प्टनशर यांच्या बेचक्यात रटलंड ही काउंटी वसली आहे. क्षेत्रफळ सुमारे ३८२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक तालुक्यांहूनही कमी. ओकम आणि अपिंगम ही बाजारपेठेची दोन गावे. बाकी सगळी खेडी, गव्हाची शेते आणि मेंढ्यांची कुरणे. पश्चिमेकडची घरे लोहयुक्त दगडाची, तांबूस. पूर्वेकडे फिकट चुनखडीची. त्यातलाच केटनचा दगड केंब्रिजच्या कॉलेजांना लागला. काउंटीचे बोधवाक्य लॅटिन आहे : थोडक्यात पुष्कळ. ते तिला शोभते.

या मातीचा स्वभाव पाहायचा तर ओकम किल्ल्यात जावे. त्याच्या बाराव्या शतकातल्या दिवाणखान्याच्या भिंती घोड्यांच्या नालांनी भरलेल्या आहेत. कुणीही उमराव पहिल्यांदा ओकमला आला की त्याने नाल द्यायचा, हा दस्तूर. उरलेल्यांतला सर्वांत जुना नाल राजा चौथा एडवर्ड याचा, १४७० च्या सुमाराचा. सगळे नाल टोके खाली करून टांगलेले. उलटे टांगले की सैतानाला खोबणीत बसता येत नाही, असे गावकरी सांगतात.

इतकी जुनी ओळख असूनही लहान आकारामुळे काउंटीवर गंडांतर आले. साठच्या दशकात विलीनीकरणाचा घाट घातला गेला, तेव्हा लोकांनी तो हाणून पाडला. १ एप्रिल १९७४ रोजी मात्र रटलंड लेस्टरशरचा एक जिल्हा होऊन बसले. त्याच सुमारास काउंटीचा भूगोलही पालटत होता. वाढत्या शहरांच्या पाण्यासाठी ग्वॉश नदीवर एम्पिंगमला धरण झाले. नेदर हॅम्बल्टन पाण्याखाली गेले. अप्पर हॅम्बल्टन तेवढे टेकडीवर, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले राहिले. नॉर्मंटनचे चर्च वाचवण्यासाठी त्याचा खालचा निम्मा भाग भरून काढला आणि भोवती बांध घातला. आज ते तलावाच्या काठाशी, पाण्यातच उभे असल्यासारखे दिसते. सुरुवातीला जलाशयाचे नाव एम्पिंगम होते. १९७६ मध्ये ते ‘रटलंड वॉटर’ झाले. काउंटी कागदावरून गेली, तेव्हा तिचे नाव या पाण्याने जपले. मला हे फार मोलाचे वाटते.

पुढे १९९६ मध्ये स्कॉटलंडहून ऑस्प्रे पक्ष्यांची पिल्ले आणून तलावाकाठी सोडली. २००१ मध्ये ऑस्प्रेंच्या एका जोडीने इथेच पिल्लू वाढवले. मधल्या काळात, १ एप्रिल १९९७ रोजी, रटलंडला स्वतःची कौन्सिल परत मिळाली होती.

डिसेंबर २०२४ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने नव्या कौन्सिलांसाठी साधारण पाच लाख लोकसंख्येचा निकष सुचवला आणि विलीनीकरणाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. २०२१ च्या जनगणनेत रटलंडची लोकसंख्या होती सुमारे ४१ हजार. एवढ्या एका आकड्यावर या काउंटीचा निकाल लावणे अन्यायाचे होईल.