तळटीप : 'कुला'

* कुला : पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडील बेटांमधली देवाणघेवाणीची साखळी. तांबड्या शिंपल्यांच्या माळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बेटाबेटांतून फिरतात, पांढऱ्या शंखांचे बाजूबंद उलट दिशेने. कोणतीही वस्तू कुणाकडे कायमची राहत नाही. जितके नामांकित हात तिला लागले, तितका तिचा मान मोठा. घासाघीस चालते, पण ती इतर मालाची, आणि तीही आपल्या कुलाच्या भागीदाराशी नव्हे. म्हणूनच लेखकाने वर वापरलेला 'आदिम बाजार' हा शब्दप्रयोग पटत नाही.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्कीने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिआंड बेटांवर तंबू ठोकून, तिथली भाषा शिकून हे सारे टिपले. ग्रंथ १९२२ साली निघाला. दुभाष्याच्या भरवशावर न राहता लोकांच्या रोजच्या उठण्याबसण्यात राहायचे, ही रीत पुढे सांस्कृतिक मानवशास्त्राची शिस्तच बनली. तरी गावात तंबू आहे म्हणून सगळे दिसतेच असे नाही. १९७०च्या दशकात ॲनेट वायनर तिथे गेल्या, तेव्हा मर्तिकानंतर बायका केळीच्या सुकवलेल्या पानांच्या जुड्या आणि घागरे ढिगाने वाटताना त्यांनी पाहिल्या. ही बायकांची संपत्ती. ती वाटूनच मृताच्या नातेवाइकांमधली देणी फिटत. मालिनोव्स्कीच्या लेखनात तिला फारसे स्थान नाही. (त्याची खासगी डायरी १९६७ साली छापली गेली. तीत बेटवासीयांवरची चिडचिड भरपूर आहे. ग्रंथात तिचा मागमूस नाही.) — संपा.