प्रीव्हियसचे वर्ष

मुंबई विद्यापीठात शिकलेल्या जुन्या माणसांची चरित्रे मी अलीकडे एका किरकोळ वाटेल अशा कारणासाठी वाचतो. मला त्यांच्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाची पाने हवी असतात. मॅट्रिक झाले की प्रीव्हियस, मग इंटर, मग बी. ए. अशी ती जुनी चढण. चरित्रकारांना बी. ए.ची घाई असते, त्यामुळे प्रीव्हियसचे वर्ष बहुतेकांनी दोन-चार ओळींत उरकलेले दिसते. पण थांबून वाचले तर त्या ओळींत बरेच काही सापडते.

टिळक 1873 साली डेक्कन कॉलेजात दाखल झाले. पहिले वर्ष त्यांनी तालीम, पोहणे आणि शरीर कमावण्यात घालवले आणि परीक्षेत मागे पडले. ही हकिकत आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. कौतुक जरूर करावे, पण वर्ष वाया घालवण्याची ऐपत लागते हेही ध्यानात घ्यावे. वडील आदल्याच वर्षी वारले होते, तरी मागे थोडी शिल्लक होती, डोक्यावर चुलत्यांचे छत्र होते आणि कॉलेजातच राहण्याची सोय होती. घसरलेल्या वर्षाखाली जमीन होती.

पंधरा वर्षांनी, 1888 च्या आरंभी, त्याच विद्यापीठाच्या भावनगरमधल्या सामळदास कॉलेजात मोहनदास गांधी नावाचा विद्यार्थी आला. त्याला वर्गात चाललेले काही समजेना. एक सत्र संपले आणि तो घरी परतला. आत्मकथेत गांधींनी प्राध्यापकांना बोल लावलेला नाही. ते उत्तम होते, कच्चा मीच होतो, असा त्यांचा सूर आहे. कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी बॅरिस्टरीचा मार्ग सुचवला, म्हणून पुढचे सारे घडले. कॉलेज सोडणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असे मावजी दवे येत नाहीत.

'मीच कच्चा होतो' हे वाक्य मला आता जड जाते. जिल्ह्याच्या गावी मी बरीच वर्षे पहिल्या वर्षाला शिकवले. एका वर्षी दिवाळीनंतर मागच्या बाकावरचा एक मुलगा यायचा बंद झाला. मी हजेरीपटात त्याच्या नावावर रेघ ओढली आणि विभागाच्या अहवालात 'अभ्यास झेपला नाही' असे लिहिले. काही वर्षांनी तो एसटी स्टँडवर भेटला. नमस्कार करून म्हणाला, "सर, ज्यांच्या दुकानात झोपत होतो ना, त्यांनी दिवाळीत दुकान भाड्यानं दिलं. मग गावाकडं गेलो." एवढेच. तक्रारीचा स्वर नव्हता. अहवालातले माझे वाक्य खोटे होते, आणि ते लिहिण्यापूर्वी मी कोणाला काही विचारले नव्हते. चरित्रांतली ती पाने मी शोधू लागलो ते त्यानंतर.

त्यांतली सर्वांत बोलकी पाने एल्फिन्स्टनची आहेत. भीमराव आंबेडकर तिथे 1908 साली गेले. शाळेत संस्कृत घेऊ दिले नव्हते, म्हणून फारसी घेऊन आलेला हा विद्यार्थी. घरी निवृत्त सुभेदार वडील आणि परळच्या चाळीतली दाटीची जागा. कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणीसुद्धा देत नसे, असे धनंजय कीर लिहितात. प्रकृतीमुळे एक वर्ष बुडाले. प्रा. म्यूलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. कृष्णराव केळुसकरांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1912 साली ते बी. ए. झाले. पुस्तक, कपडा, महिन्याची ठरलेली रक्कम आणि विचारपूस करणारे एखादे माणूस, एवढ्यावर हे तरले. पण सगळे योगायोगाचे. म्यूलर किंवा केळुसकर यांच्यापैकी एक जरी नसता तर?

मला वाटते, पुढच्या संस्थांची मांडणी करताना बाबासाहेबांनी हा योगायोगच काढून टाकायचे ठरवले असावे. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग होते. 1950 साली सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातल्या त्या वेळच्या मुलाची अवस्था पाहा. घरात मराठी, निजामाच्या शाळेत उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. औरंगाबादचे सरकारी कॉलेज इंटरपर्यंत, पुढे हैदराबाद गाठावे लागे. 1948 च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली आणि कॉलेजात इंग्रजी आली. म्हणजे पहिल्या वर्षाच्या वर्गात पाऊल टाकताना तिसरी भाषा. त्यातून हा मुलगा गावकुसाबाहेरचा असेल, तर शहरात त्याला खोली कोण देणार?

म्हणून मिलिंदच्या कहाणीत वसतिगृह ही जोडइमारत राहत नाही. वर्गाइतकीच ती कॉलेजची गरज होती. नावेही पाहण्याजोगी आहेत. मिलिंद हा भिक्खू नागसेनाला एकामागून एक प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर, आणि कॉलेजच्या परिसराला नाव दिले नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कॉलेजला आणि उत्तर देणाऱ्याचे भोवतालच्या जमिनीला! वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा चांगली पाटी मला सुचत नाही.

याच वसतिगृहांतून दलित साहित्याची एक पिढी बाहेर पडली. 'आठवणींचे पक्षी' लिहिणारे प्र. ई. सोनकांबळे मिलिंदमध्येच शिकले आणि पुढे स्वतः इंग्रजी शिकवू लागले. त्यांचे पुस्तक वाचताना भूक आणि अभ्यास वेगवेगळ्या प्रकरणांत मांडता येत नाहीत हे कळते.

प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः नाटककार होते. त्यांनी मुलांना रंगमंचावर उभे केले. त्यांचे 'युगयात्रा' हे नाटक कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बसवले, आणि ते पाहायला समोर बाबासाहेब स्वतः बसले होते.