हाडं कड्यात नाहीत, नदीकाठात आहेत

अमेरिकेतल्या ‘डायनासोर नॅशनल मॉन्युमेंट’मध्ये वाळवंटी दऱ्या आहेत, राफ्टिंग आहे आणि सुमारे १,५०० जीवाश्म हाडांचा एक कडा आहे. तो जपायला त्याच्याभोवती इमारत बांधली आहे.

आपल्या नगर जिल्ह्यात निघोजला कुकडीने काळा खडक कोरून घळ आणि रांजणखळगे केलेत. पण तो खडक थिजलेल्या लाव्हाचा, त्यात हाडं कुठली? आपला ठेवा आहे नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या जुन्या थरांत. १८६५ साली भूवैज्ञानिक वाइन यांना शेवगाव तालुक्यातल्या मुंगीजवळ, गोदावरीच्या जीवाश्म असलेल्या थरात, माणसाने घडवलेली अकीकाची कपची सापडली. म्हणजे नामशेष झालेल्या जनावरांच्या काळात इथे माणूस होता! पुढे १९५४पासून हसमुख सांकलियांनी प्रवरेकाठी नेवाशाला उत्खनन केलं; तिथल्या दगडी हत्यारांवरून एका अश्मयुगीन परंपरेलाच ‘नेवासियन’ नाव पडलं.

कपचीला अर्थ आला तो ती ज्या थरात होती त्यामुळे. जेसीबीने काठ खरवडून डंपरमध्ये भरला, की तीच कपची नुसती खडी होते. म्हणून काठावर असं काही दिसलं तर उचलू नका. फोटो काढा, लोकेशन नोंदवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.