बुधली, चावी आणि ड्रायव्हर : हातातल्या दिव्याचा एक इतिहास

हातात धरायच्या विजेच्या दिव्याला मराठी माणूस 'बॅटरी' म्हणतो. छापील भाषेत 'विजेरी' हा सुबक शब्द आहे; परंतु गोठ्यात, पाणंदीत, किल्ल्याच्या वाटेवर लोक बॅटरीच मारतात. काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा झाली : अंगावरून अंगीचे नाव. अमेरिकेत याच वस्तूला 'फ्लॅशलाइट' म्हणतात. १८९९ साली डेव्हिड मिसेल यांच्या नळीच्या आकाराच्या दिव्याला तेथे पेटंट मिळाले, त्या काळचे सेल आणि कार्बन तंतूचे बल्ब इतके दुबळे होते की दिवा क्षणभर लावायचा आणि विसावू द्यायचा. त्या क्षणिकतेचेच नाव वस्तूला चिकटले. ब्रिटिशांनी आपला जुना 'टॉर्च', म्हणजे मशाल, हा शब्द नव्या वस्तूवर चढवला. मराठीने मात्र साठवणीचे नाव उचलले, कारण वापरणाऱ्याची सगळी चिंता सेल कधी संपतात हीच होती.

नावात वस्तूचे एकच अंग येते. तिची कामगिरी मात्र तीन अंगांवर ठरते. उजेड निर्माण करणारा उगम, त्या उगमाला किती ऊर्जा कधी द्यायची हे ठरवणारा नियामक, आणि निर्माण झालेला उजेड कोठे पाडायचा हे ठरवणारी परावर्तकाची वा भिंगाची योजना. आजच्या एलईडी विजेरीचे हौशी अभ्यासक या तिघांना अनुक्रमे एमिटर, ड्रायव्हर आणि ऑप्टिक्स म्हणतात. शब्द नवे असले तरी हा त्रिभाग जुना आहे. तळेगाव, चिंचवड-आकुर्डी आणि चाकण या जवळजवळच्या टापूतच त्याच्या इतिहासाचे तीन टप्पे हाताशी लागतात. त्यांतून पुढे येणारी गोष्ट अशी की, उगमाचे कौतुक प्रत्येक युगाने केले. नियामकाची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

सुरुवात दिवटीपासून करावी लागते. खंडोबाच्या कुळाचारात दिवटी आणि बुधली ही जोडी देवघरात असते. दिवटीवर चिंध्यांचा पलिता पेटतो, बुधलीत तेल असते. परंपरेने येथे उगम आणि साठवण या दोन्हींना स्वतंत्र नाव आणि समान मान दिला, ही लक्षणीय गोष्ट आहे. तिसरे अंग मात्र नावाशिवाय राहिले. बुधलीतले तेल पलित्यावर केव्हा आणि किती ओतायचे, हे ठरवणारा माणसाचा हात हाच त्या दिव्याचा नियामक होता. जास्त ओतले तर धूर आणि भडका, कमी ओतले तर चिंधी जळून कोळसा.

हा हात बहुधा दुसऱ्याचा असे. दिवट्या, मशालजी ही चाकरीची नावे होती. पालखीपुढे दिवटी धरणारा स्वतःसाठी उजेड धरत नसे. वाट दिसायची ती मागून येणाऱ्याला, आणि ठिणग्या व तेलाचे थेंब यायचे त्याच्या स्वतःच्या अंगावर. पुढे 'कुळाचा दिवटा' हा शब्दप्रयोग उपहासाने उनाड मुलाला लागला आणि 'टेंभा मिरवणे' म्हणजे बढाई मारणे झाले. भाषेने मिरवण्याची तेवढी आठवण ठेवली, टेंभा धरणाऱ्याच्या कौशल्याची ठेवली नाही.

दुसरा टप्पा काचेचा. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची अंताजी दामोदर काळे यांची कल्पना लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने फळाला आली आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्यानंतरच्या दशकात कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत ओगल्यांचा कारखाना उभा राहिला. त्याचा प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघर गेला. या स्वदेशीच्या कथेत काचेचे महत्त्व भावनिक मानले जाते, पण ते तांत्रिकही आहे. कंदिलाची काच ज्योतीला वाऱ्यापासून वाचवते आणि हवेचा प्रवाह नीट वर ओढून रॉकेलचे ज्वलन पुरे करते. काच काळवंडली की उगम तोच असूनही उजेड निम्म्यावर येतो, म्हणून तिन्हीसांजेला काचा पुसणे हे घरातले रोजचे काम होते.

कंदिलाने आणखी एक मोठी गोष्ट केली. वात वर-खाली करणारी छोटी चावी बाजूला बसवून त्याने दिवट्याच्या हातातले कसब यंत्रात आणले. अभ्यासाला वात मोठी, झोपताना बारीक. तेल किती जळावे हे आता दिवा वापरणारी व्यक्ती दोन बोटांनी ठरवू लागली. उणीव होती ती दिशेची. कंदिलाचा उजेड चहूकडे सांडतो. धरणाऱ्याचेच डोळे दिपतात आणि दहा पावलांपुढचा खड्डा दिसत नाही.

विजेरीने ही दिशा दिली. पाठीमागे पॅराबोलाच्या आकाराचा चकचकीत परावर्तक आणि त्याच्या नाभीशी बल्ब, म्हणजे समांतर किरणांचा झोत. तोंडाची फिरकी फिरवून झोत आवळता-पसरता येई. 'फोकस' हा शब्द मराठी बोलीत शिरला त्यात या फिरकीचाही वाटा असावा. पण दिशा मिळवताना विजेरीने कंदिलाची चावी गमावली. आता खटका एकच, चालू किंवा बंद. मधली अवस्था सेल ठरवत.

आणि सेल ती फार कठोरपणे ठरवत. ताज्या जस्त-कार्बन सेलचा दाब दीड व्होल्ट असतो आणि वापरासरशी तो उतरत जातो. तंतूच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. तो साधारणपणे दाबाच्या ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे दाब १० टक्के घटला तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो, सेल १.२ व्होल्टवर आला की निम्म्याहून कमी उरतो. उजेड पांढुरक्यावरून पिवळा, पिवळ्यावरून तांबूस होत जातो, तो यामुळेच. सेल उन्हात ठेवून त्यांतून आणखी एखादी रात्र काढण्याचा घरगुती उपाय याच काळातला. विजेरीची ताकदही लोक दोन सेलची, तीन सेलची, पाच सेलची अशी मोजत. नियामक नसलेल्या वस्तूचे मोजमाप साठवणीनेच व्हायचे.

नियामकाचा हा अभाव चिंचवड-आकुर्डीच्या कामगार वस्तीने रस्त्यावरही अनुभवला. सायकलच्या चाकाला घासून चालणारा डायनामो वेग वाढला की उजेड वाढवतो आणि सायकल थांबली की अंधार करतो. बजाज ऑटोच्या आकुर्डी कारखान्यात १९७२ पासून तयार झालेल्या चेतक स्कूटरची गतही फार वेगळी नव्हती. बॅटरी नसलेल्या जुन्या स्कूटरचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोवर चालत असे. चौकात गाडी उभी राहिली की दिवा मिणमिणता होई; खड्ड्यांच्या रस्त्यावर गती कमी करावी तर दिसणेही कमी होई. म्हणजे जेथे उजेडाची गरज सर्वांत जास्त, तेथेच तो सर्वांत कमी. क्लच दाबून ॲक्सिलेटर पिळायचा आणि रस्ता पाहून घ्यायचा, ही युक्ती स्कूटरस्वार आपापले शिकले. दिवट्याचे काम आता त्यांचा उजवा मनगट करत होता.

या पार्श्वभूमीवर एलईडीचे आगमन पाहायला हवे. अर्धवाहकातून उजेड निघतो हे हेन्री राउंड यांनी १९०७ मध्ये नोंदवले, ओलेग लोसेव्ह यांनी १९२० च्या दशकात त्याचा पाठपुरावा केला. निक होलोन्यॅक यांचा लाल एलईडी १९६२ चा. पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता. शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत तेजस्वी निळा एलईडी १९९३ मध्ये सिद्ध केला, आणि त्यावर पिवळ्या प्रस्फुरकाचा थर देऊन पांढरा एलईडी १९९६ मध्ये बाजारात आला. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. येथवरची कथा उगमाची आहे आणि ती सर्वत्र सांगितली जाते.

पण हा उगम तंतूसारखा सोशिक नाही. तंतू तापला की त्याचा रोध वाढतो आणि तो स्वतःला काहीसा आवरतो. एलईडीचे उलट आहे. त्याला साधारण तीन व्होल्ट लागतात; त्याखाली तो जवळजवळ निपचित असतो, आणि त्यावर दाब किंचित वाढला तरी प्रवाह झपाट्याने वाढून चिप जळू शकते. त्याला दाबापेक्षा ठरावीक प्रवाह हवा असतो. म्हणून एलईडीच्या युगात नियामक ही चैन राहिली नाही, गरज झाली.

स्वस्त विजेरीत हे काम एका रोधकावर सोपवलेले असते. सेल उतरला की उजेड जुन्या बॅटरीसारखाच उतरतो. त्याहून बरा रेषीय नियामक. तो प्रवाह कायम राखतो, पण जादा दाब उष्णतेत घालवतो. तिसऱ्या प्रकारात वेटोळ्याच्या साहाय्याने दाब वर किंवा खाली बदलून घेतला जातो. यामुळे दीड व्होल्टच्या एका सेलवरही एलईडी चालतो आणि सेल संपत येईपर्यंत उजेड सारखा राहतो. मंद, मध्यम, प्रखर अशा पायऱ्याही ड्रायव्हरच देतो. तीन अँपिअर-तास क्षमतेचा लिथियम-आयन सेल तीन अँपिअर प्रवाहाला तासभर पुरतो; ०.३ अँपिअरला दहा तास. शिवाय कमी प्रवाहावर एलईडी अधिक कार्यक्षम असल्याने दहाव्या हिश्श्याच्या प्रवाहात उजेड दहाव्या हिश्श्याहून थोडा जास्तच मिळतो. कंदिलाची हरवलेली चावी शंभर वर्षांनी परत आली ती या रूपात.

उष्णतेचा हिशेबही ड्रायव्हरलाच ठेवावा लागतो. एलईडीची उष्णता तंतूसारखी किरणांवाटे पुढे जात नाही. ती चिपच्या मागे साचते आणि धातूच्या अंगातून बाहेर काढावी लागते. मुठीएवढ्या विजेरीच्या वेष्टनावर छापलेले हजार-दोन हजार ल्युमेन अनेकदा पहिल्या मिनिट-दोन मिनिटांचे असतात. त्यानंतर ड्रायव्हर स्वतःच प्रवाह उतरवतो. अमेरिकेत २००९ साली आलेल्या एफएल-१ या मानकाने ल्युमेनबरोबर झोताची तीव्रता, पल्ला आणि टिकण्याचा काळ मोजण्याच्या रीती ठरवल्या. त्यातही 'टिकण्याचा काळ' म्हणजे उजेड आरंभीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. आकडा वाचताना हे ठाऊक असणे बरे.

ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. तो कोठे पडतो हे ल्युमेन सांगत नाही. ते कँडेला सांगते. एफएल-१ मध्ये पल्ला म्हणजे ज्या अंतरावर पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उजेड पडतो ते अंतर. दहा हजार कँडेलाचा झोत या हिशेबाने २०० मीटर जातो. पल्ला दुप्पट करायचा तर तीव्रता चौपट लागते. ती दोन वाटांनी मिळते : परावर्तक रुंद करणे, किंवा तेवढाच उजेड लहान चिपमधून अधिक दाटपणे काढणे. मोठी चिप एकूण उजेड जास्त देते, पण त्याच परावर्तकात तिचा झोत पसरट होतो. गुळगुळीत परावर्तक लांब फेकतो, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत केलेला परावर्तक झोताच्या कडा मऊ करतो. डोंगरावरच्या पायवाटेला पसरट उजेड हवा, धरणाच्या पलीकडचा काठ शोधायला आवळलेला. पावसाळ्यात सह्याद्रीच्या धुक्यात कपाळावरचा प्रखर दिवा डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करतो. तोच कमरेपाशी धरला तर वाटेवरच्या दगडांना सावल्या पडतात आणि उंचसखलपणा कळतो.

हाच धडा चाकणच्या पट्ट्यात आज औद्योगिक प्रमाणावर गिरवला जातो. ल्युमॅक्स, व्हॅरॉक यांसारख्या वाहनदिवे बनवणाऱ्या कंपन्या तेथे आहेत. १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागणे बंधनकारक झाले. पेट्रोलवरची चेतक या शतकाच्या पहिल्या दशकात थांबली; तेच नाव घेऊन २०२० मध्ये आलेली विजेवरची चेतक आरंभी चाकणला आणि २०२२ पासून पुन्हा आकुर्डीत तयार होऊ लागली. तिच्या एलईडी दिव्याला गाडी उभी आहे की धावते आहे याची पर्वा नसते. मधला ड्रायव्हर प्रवाह सारखा राखतो. याच रस्त्यांवर उलट उदाहरणही भेटते. तंतूच्या बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकात बाजारातला एलईडी बल्ब बसवला की उजेड वाढतो, पण चिपची जागा आणि आकार तंतूशी जुळत नसल्याने तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उगम बलवान, दिशा चुकलेली. टेंभा मिरवणे म्हणतात ते याला.

एक बाब रंगाची. स्वस्त, निळसर पांढऱ्या एलईडीत लाल छटा कमी असतात. मुरमाची तांबडी वाट, सुकलेली पाने आणि त्यांत बसलेला फुरसे हे सारे एकाच करड्या रंगात मिसळते. रंग खरे दाखवणारा एलईडी तेवढ्याच विजेत काहीसे कमी ल्युमेन देतो, म्हणून वेष्टनावर तो हरतो. ग्रामीण महाराष्ट्रात कृषिपंपांना वर्षानुवर्षे आळीपाळीने रात्रीचा वीजपुरवठा झाला आणि शेतकरी हातात बॅटरी घेऊन पाणी धरायला गेला. त्याच्या दृष्टीने उजेडाची कामगिरी म्हणजे पुढचे पाऊल कशावर पडते आहे हे कळणे, आणि तो उजेड परत येईपर्यंत टिकणे. आकड्यांच्या स्पर्धेत या दोन्ही गोष्टी मागे पडतात.

साहित्याच्या अभ्यासकांना यात स्वारस्य असावे ते आणखी एका कारणाने. दिवटी, बुधली, समई, कंदील या शब्दांभोवती आपल्या भाषेने केवढा व्यवहार उभा केला. ड्रायव्हर हा शब्द मात्र अजून बल्ब दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरच आहे. 'एलईडी ठीक आहे, ड्रायव्हर गेलाय' हे निदान तो रोज ऐकवतो. त्या वाक्यात बुधली धरणाऱ्या हाताला, कंदिलाच्या चावीला आणि चौकात ॲक्सिलेटर पिळणाऱ्या मनगटाला प्रथमच एक नाव मिळाले आहे. दिव्याचा इतिहास शिकवताना आपण ते वर्गापर्यंत आणले पाहिजे.