चांदीवरचा काळा लेख

आमच्या इगतपुरी तालुक्यात उगम पावून घोटीच्या परिसरातून वाहणारी दारणा पुढे जोगलटेंभी येथे गोदामाईला मिळते. या संगमावरील गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी होती तेरा हजारांहून अधिक, आणि ती सारी क्षत्रप नहपानाची. रेव्ह. एच. आर. स्कॉट या मिशनरी धर्मोपदेशकाने ती अभ्यासली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा दिसून आला. विजेत्याने शत्रूची चांदी वितळवली नाही. तिच्यावर आपली मुद्रा उमटवली. एकाच नाण्यावर दोन राजे नांदले आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांना धातूची साक्ष मिळाली.

वाचकहो, क्षणभर कल्पना करू या. ती नाणी कुणी राखेने घासून लख्ख केली असती तर? खालचा पुसट नहपान कायमचा नाहीसा झाला असता. जुन्या धातूचा इतिहास त्याच्या पृष्ठभागावरच लिहिलेला असतो, हे आपण विसरतो.

चांदी काळवंडते ती गंधकामुळे. हवेतील हायड्रोजन सल्फाइडशी संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर चढतो. जमिनीत पुरलेल्या चांदीवर क्षारांमुळे क्लोराइडचे करडे कवच बसते. मिश्रणातील तांबे हिरवे होऊन बाहेर येते आणि धातू ठिसूळ बनतो. शुद्ध सोन्याला मात्र यांतले काही बाधत नाही. बाधते ते त्यात मिसळलेल्या तांब्याला आणि चांदीला. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने नवे दागिने १४ कॅरटपुरते मर्यादित केले. अशा सोन्यात चाळीस टक्क्यांहून अधिक इतर धातू असतो. ते लवकर मंदावते. ते निर्बंध पुढे सैल झाले आणि १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला; पण त्या काळातले एखादे मंगळसूत्र आजही कुणाच्या पेटीत असेल.

एका आजीबाईंनी आम्हांला आपल्या सासूच्या चांदीच्या वाक्या दाखवल्या होत्या. नातवाने प्रेमापोटी त्या चोळून चकचकीत केल्या होत्या. चमक आली, पण नक्षीच्या खोबणींतला काळा रंग गेला आणि वेलबुट्टी बोथट झाली. दर घासणीत थोडी चांदी झिजते, आणि गेलेली चांदी परत येत नाही. चर्चमधील चांदीच्या चषकांबाबत आम्हीही पूर्वी हीच चूक केली, हे कबूल करायला हवे.

मग करावे काय? दागिने कोरड्या हाताने, शक्यतो सुती हातमोजे घालून हाताळावेत. घामातील क्षार धातूला घातक असतात. लोकर, रबर व वर्तमानपत्र यांपासून त्यांना दूर ठेवावे. स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. मोत्याच्या नथीला चिंच-लिंबू कधीही लावू नये, कारण आम्लाने मोती विरघळतो. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख असते, म्हणून तिला उष्णता देऊ नये. फार जुना दागिना साफ करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, कुणाचा व केव्हाचा ते लिहून ठेवावे, आणि संग्रहालयातील जाणकाराचा सल्ला घ्यावा.

कठीण दिवसांत दागिना मोडावा लागतो, हे आम्ही जाणतो. घरातले आजारपण आणि लेकरांचे शिक्षण यांपुढे वाकी मोठी नाही. पण निव्वळ नव्या घडणीच्या हौसेपायी जुना दागिना मुशीत टाकण्यापूर्वी जोगलटेंभीची आठवण ठेवू या. गौतमीपुत्राने शत्रूचाही ठसा पुरता पुसला नाही. आपण तर आपल्याच आजीचा पुसायला निघालो आहोत.